साडेचार सुताची गोटी

वर्कशॉपमध्ये तिला सगळे कटकटवहिनी म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि ती ओ देत असे. नाव पाडलं होतं चिडवायला, पण जी चिडतच नाही तिला चिडवून मजा काय येणार? मग नाव तसंच राहिलं आणि हळूहळू त्यात थोडा मानही शिरला. बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या मोठ्या शेडच्या एका कोपऱ्यात जाळीची हत्यारखोली होती. जाळीला एक खिडकी, खिडकीच्या आत वहिनी. बाहेरच्याने हत्यार मागायचं, तिने आतून द्यायचं, आणि काम झालं की त्याने पुसून परत आणायचं. न पुसता आणलं की तिची सुरुवात व्हायची. "हे काय आणलंत? ग्रीसमधून पाना काढलाय की पान्यातून ग्रीस काढलंय? चिंधी तिथं टांगलीय. तिला काय पाय आहेत, चालत येऊन पुसायला?" दंडात बेडकुळ्या फुगलेले गडी निमूटपणे चिंधी घ्यायचे.

या नावात आणखी एक गंमत होती. शिकलेली माणसं ज्याला सॉकेट रेंच म्हणतात आणि गॅरेजवाले ज्याला गोटी पाना म्हणतात, त्याच्या दांड्यालाही त्या शेडमध्ये कटकट्याच म्हणत. साधा पाना बोल्टला दोन बाजूंनी धरतो. जरा फिरवला की काढा, पुन्हा लावा, पुन्हा फिरवा. अडचणीच्या जागेत हे करताना माणसाच्या नाकी नऊ येतात. गोटी मात्र बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी सगळीकडून बसते. तिला फिरवणाऱ्या दांड्याच्या डोक्यात दात्यांचं एक चाक असतं आणि त्या दात्यांत अडकणारी एक छोटी जीभ असते. दांडा एका बाजूला ओढला की जीभ दात्यात अडकते आणि बोल्ट फिरतो. दांडा परत नेला की जीभ दात्यांवरून घसरत येते, कट कट कट कट, आणि बोल्ट आपल्या जागी तसाच राहतो. गोटी उचलायला नको, पुन्हा शोधायला नको. वीतभर जागा हलायला मिळाली तरी काम पुढे जातं. दांड्याच्या पाठीवरची कळ फिरवली की तोच दांडा सोडायच्या ऐवजी कसायला लागतो. थोडक्यात, कटकट्याची कटकट ऐकू येते ती मागे येताना. पुढे जाताना तो गुपचूप काम करतो. हेडमिस्त्री म्हणायचे, "आमच्या वहिनीचंही तेच आहे. कटकट सगळ्यांना ऐकू येते, काम कुणालाच ऐकू येत नाही."

ती या शेडमध्ये आली होती झाडू मारायला. हत्यारखोलीतले जुने कारकून निवृत्त झाले, तेव्हा हेडमिस्त्रींनी तात्पुरतं म्हणून तिला आत बसवलं. आत आल्यावर तिने पहिलं काम केलं ते असं की ढिगाने पडलेल्या सगळ्या गोट्या रॉकेलमध्ये धुतल्या आणि मापाप्रमाणे खिळ्यांवर टांगल्या. धुता धुता तिला त्या कळायला लागल्या. मग तिला तात्पुरतं म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

"वहिनी, गोटी द्या," असं कुणी म्हणालं की तिची उलटतपासणी सुरू व्हायची. तिचा नवरा शिंपी, त्यामुळे दाखले कापडाचे.

"सदरा शिवा म्हटलं की शिंपी माप विचारतो ना? किती नंबरची?"

"तेराची."

"आखूड की लांब? नटातून बोल्ट वर आलाय का? आला असेल तर आखूड गोटी तळापर्यंत जाणार नाही, लांब न्या."

"लांब द्या मग."

"सहा कोनी की बारा कोनी?"

"वहिनी, मी गोटी न्यायला आलोय, परीक्षेला नाही."

"बारा कोनी पटकन बसते, पण बोल्टचे कोपरेच धरते. बोल्ट गंजका असेल तर सहा कोनी न्या, ती अंगाला धरते. हाताने फिरवणार की हवेच्या गनने? गनला ही चकचकीत नाही मिळणार, तडकते. ती जाड, काळी न्या." शेवटी ती गोटी दांड्याच्या चौकोनी टोकावर बसवून दाखवायची. टोकातली स्प्रिंगवरची गोळी आत सरकून टिक करून अडकली की मगच ती खिडकीतून बाहेर द्यायची. पाव इंची चौकोन नाजूक कामाला, अर्धा इंची अंगमेहनतीला, पाऊण इंची चाकांना. हे सगळं ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. लोक परत येऊन काय काय शिव्या घालतात ते ऐकून शिकली होती.

पण देणारा हात आणि करणारा हात यांत फरक असतो, आणि तो तिला रोज टोचायचा. तिने निवडून दिलेली गोटी घेऊन कुणीतरी गाडीखाली जायचा. थोड्या वेळाने शेडच्या पलीकडच्या टोकाला बंद पडलेलं इंजिन धडधडायला लागायचं, माणसं हसायची, आणि ही जाळीच्या आत. दिवसभर भाजी निवडून द्यायची आणि फोडणीचा वास तेवढा लांबून घ्यायचा, असं ते होतं. एकदा रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, "मला फिटर व्हायचंय." नवऱ्याने घास खाली ठेवला. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, कारण मग ती भांडली असती आणि विषय संपला असता. तो म्हणाला, "मग हो की. फक्त माझ्या शिलाई मशीनला हात लावू नकोस."

शेडमध्ये फिटरची एक जागा रिकामी झाली. आतल्या माणसांतून परीक्षा घेऊन भरायची ठरली. अर्जाला वयाची अट होती आणि वहिनी त्या अटीच्या काठावर उभी होती. पुढच्या वेळी जागा निघाली तर अर्जसुद्धा घेतला जाणार नव्हता. म्हणजे आत्ता, नाहीतर निवृत्तीपर्यंत खिडकी. तिने अर्ज टाकला. तिच्याशिवाय एकच अर्ज आला, तो पाईपदादाचा.

पाईपदादा शेडमधला सगळ्यात दांडगा हेल्पर. पान्याच्या दांड्यावर लांब लोखंडी पाईप चढवायचा आणि लोंबकळायचा, ही त्याची एकमेव विद्या. पाईप लावल्यावर बोल्ट एकतर सुटतो किंवा तुटतो, आणि दोन्ही वेळेला तो "झालं!" असंच म्हणायचा. तुटला तर बोल्ट हलका होता, पाना चिनी होता, गाडी खराब होती. नाचता येईना अंगण वाकडं. जागा आपलीच असं धरून त्याने आधीच मित्रांना चहा पाजला. वहिनीला म्हणाला, "वहिनी, मी फिटर झालो तरी तुमच्याकडूनच गोट्या नेईन हां. काळजी करू नका." तो हे प्रेमाने म्हणाला, म्हणून ते जास्तच लागलं.

मग घरी तालीम सुरू झाली. इंजिनातले अर्धे बोल्ट डोळ्यांना दिसतच नाहीत, ते बोटांनीच ओळखावे लागतात. नवरा कापडी पिशवीत गोट्या घालायचा, ती हात घालून अंगठ्याने माप सांगायची. तो बटणं टाकूनही फसवून बघायचा. सासूबाईंची लोखंडी खाट कुरकुरत होती. वहिनीने ठरवलं की तिचे नट न बघता कसायचे. दुपारी सासूबाई झोपल्या असताना ती खाटेखाली आडवी झाली, डोळे मिटले, आणि हात पट्टीच्या पलीकडून वळवून कटकट्या लावला. आता पलीकडून लावलं की उजवं डावं होतं, हे एवढं साधं, पण फिटर लोक जन्मभर त्यात फसतात. कसतेय कसतेय असं समजून तिने नट पूर्ण सोडवला. खाट उशाकडून धाडकन खाली आली. वहिनी थोडक्यात वाचली. सासूबाई उतारावर बसल्यासारख्या बसल्या आणि म्हणाल्या, "मला खाली उतरवायचं होतं तर हाक मारायची होतीस की गं!"

"आई, चुकून उलटा फिरला."

"चुकलं ते बरं झालं. इथं मीच पडले, तिथं बस पडली असती. आता दुसरी बाजूही सोड, निदान सपाट तरी झोपेन."

त्या दिवसापासून सासूबाई तिच्या बाजूने झाल्या. तशा त्या आधीही होत्या, पण बोलत नव्हत्या.

परीक्षेला मुख्य कचेरीतून एक परीक्षक आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, आणि नखांत काळं असलेले, म्हणजे कामातला माणूस. शेडच्या मधोमध एक लहान बस उभी केली होती. परीक्षक म्हणाले, "गाडीचा सेल्फ उतरवायचा, परत चढवायचा, आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं पाहिजे. हत्यारं खिडकीतून एकदाच न्यायची. रस्त्यात गाडी बंद पडते तिथं हत्यारखोली नसते. परत गेलात तर गुण कापणार. बोल्ट तुटला, नाहीतर निघेनासा झाला, तर परीक्षा तिथंच संपली." सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देऊन जागं करणारी मोटर. तिचे खालचे बोल्ट सोपे असतात. वरचा एक पार मागे, पाईपांच्या आणि वायरींच्या आड लपलेला असतो. तिथं डोकं जात नाही, नजर जात नाही, जेमतेम एक हात जातो.

पहिला नंबर पाईपदादाचा. खालचे बोल्ट त्याने भराभर काढले. वरच्याला हात घातला आणि गाडीखालून आवाज आला, खर्र. गोटी बोल्टवरून घसरल्याचा आवाज. मग पुन्हा, खर्र. वहिनीच्या अंगावर काटा आला. हा आवाज ती ओळखत होती. मग पाईप आला, एक हुंकार आला आणि "झालं!" आलं. त्याने सेल्फ चढवला, सगळं कसलं, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच गाडीखाली आता वहिनीला जायचं होतं. खिडकीत त्या दिवशी हेडमिस्त्री बसले होते. तिने कटकट्या घेतला, अडलेल्या बोल्टसाठी लांब साधा दांडा घेतला, लांबी वाढवायचे दोन एक्स्टेंशन घेतले, मान वाकवणारा जोड घेतला, बारापासून पंधरापर्यंतच्या सहा कोनी गोट्या घेतल्या, आणि कसताना ठरलेला जोर भरला की टिचकी वाजवून सांगणारा टॉर्कचा पाना घेतला. आधी बॅटरीची वायर काढली. मग खाली शिरली. तेराच्या गोटीने खालचे बोल्ट सोडवले. वरच्या बोल्टवर बोट ठेवलं आणि ती थबकली.

बोल्टचं डोकं तेराचं नव्हतंच. थोडं मोठं होतं, आणि त्याचे कोपरे झिजून गोलसर झाले होते. तिने चौदाची लावून पाहिली. बसेना. पंधराची लावली. बसली, पण आत डुगडुगत होती. पाईपदादाने हीच लावली असणार, तीही बारा कोनी. तिने पुन्हा अंगठा फिरवला आणि मग तिला कळलं. कधीतरी या भोकाचे आटे गेले असणार, आणि कुणीतरी इंचातला जाड बोल्ट घालून वेळ मारून नेली असणार. बोल्ट साडेचार सुताचा होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या गाड्या सगळ्या सुतात चालायच्या, आता कोण विचारतो?

तिला पुढचं आठवलं आणि स्वतःचाच राग आला. इंचातल्या गोट्या मिलीमीटरच्या गोट्यांत मिसळतात, लोक एकीच्या जागी दुसरी लावतात आणि बोल्टचे कोपरे खातात, म्हणून तिनेच त्या सगळ्या वेचून एका पत्र्याच्या डब्यात घातल्या होत्या आणि डबा वरच्या फळीवर टाकला होता. आपल्याच शिस्तीने आपलाच घात केला होता. हत्यारं नेताना तिला स्वतःलाही तो डबा आठवला नव्हता.

पंधराची डुगडुगती गोटी तिच्या हातात होती. जोर लावला तर कदाचित बोल्ट सुटला असता. पाईपदादाच्या हातून सुटलाच होता की. नाही सुटला तर उरलेले कोपरेही जातील आणि परीक्षा संपेल, खिडकी कायमची. आणि परत हत्यारखोलीकडे गेलं तर गुण जातील. बाहेर सगळी शेड उभी होती. घरी सासूबाई दारात बसल्या असतील. ती घाबरली होती, हे ती नंतर कुणापासून लपवत नसे. भीती वाटली होती, खूप वाटली होती. पण डुगडुगणारी गोटी जन्मात कुणाला दिली नाही, आज स्वतःला कशी देणार?

ती गाडीखालून बाहेर आली. "साहेब, माझं चुकलं. एक गोटी न्यायची राहिली. मला परत खिडकीवर जायचंय. गुण कापा."

मागे कुणीतरी हसलं. पाईपदादा मात्र हसला नाही. परीक्षकांनी मान डोलावली आणि हातातल्या कागदावर गुण कापले. सगळ्यांच्या देखत कापले. वहिनी खिडकीवर गेली. "मिस्त्री, वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा. साडेचार सुताची, सहा कोनी. आणि त्याच मापाचा एक नवा बोल्ट." हेडमिस्त्रींनी डबा काढला. त्यावर बोटभर धूळ होती. त्यांनी गोटी शर्टाच्या बाहीने पुसली आणि दिली.

आता ती घाईत नव्हती. गोटी बोल्टवर ठेवली आणि साध्या दांड्याच्या टोकाने हलकेच ठोकली. टक्. बसली. डुगडुग नाही, फट नाही. मान वाकवणारा जोड तिने बाजूला ठेवला, कारण जोड वाकला की जोरही वाकतो. दोन्ही एक्स्टेंशन एकाला एक लावून तिने पाईपांच्या फटीतून सरळ रेषेत ती काठी बाहेर काढली. कटकट्या आधी लावला नाही. त्याचे दाते अडलेल्या बोल्टपुढे तुटतात. आधी साधा दांडा. एका हाताने दांड्याचं डोकं धरून ठेवलं, याला कळ नसते म्हणून दिशा पुन्हा एकदा मनात तपासली, आणि दुसऱ्या हाताने दांडा स्वतःकडे ओढला. ढकलला नाही, ओढला. काही झालं नाही. तिने श्वास सोडला, पाय टायरला टेकवले, आणि पुन्हा ओढलं, खांद्याने नाही, सगळ्या अंगाने.

टिक्. एवढासाच आवाज. पण साऱ्या शेडमध्ये तो एकट्या हेडमिस्त्रींना ऐकू गेला आणि त्यांनी खिडकीच्या चौकटीवर मूठ आपटली.

मग कटकट्या लागला. कट कट कट कट. बोल्ट बाहेर आला, सेल्फ खाली आला, तिने तो पोटाशी धरून बाहेर आणला. परत चढवताना तिने खाल्लेला बोल्ट वापरला नाही, नवा घातला. आधी बोटांनी फिरवून आटे नीट धरले आहेत ना ते पाहिलं, मग कसला, आणि टॉर्कच्या पान्याने टिचकी वाजवली तेव्हाच सोडला. वायर लावली. हात पुसले, कारण ग्रीसच्या हाताने ती किल्लीलासुद्धा हात लावत नसे. बसली, किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या फटक्यात धडधडलं. आणि या वेळी ती जाळीच्या आत नव्हती. ते तिच्या पायाखाली धडधडत होतं, सीटमधून पाठीत येत होतं. वहिनी स्टिअरिंग धरून मोठ्याने हसली. लहान पोर झोक्यावर हसतं तशी हसली, आणि इंजिन बंद करायचं विसरून गेली.

परीक्षकांनी तिने काढलेला बोल्ट तबकातून उचलला आणि उजेडात धरला. "कोपरे कुणी खाल्ले?"

वहिनी गाडीतून उतरली. "बोल्ट जुना होता, साहेब," ती म्हणाली.

"जुना बोल्ट गंजतो. हा खाल्लेला आहे."

पाईपदादा पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "मी खाल्ला, साहेब. गोटी ढिली आहे हे हाताला कळत होतं. वाटलं, सुटला म्हणजे झालं." मग वहिनीकडे बघून तो म्हणाला, "त्या परत गेल्या ना, तेव्हाच मला कळलं की जागा गेली."

परीक्षकांनी दोघांची बेरीज केली. कापलेले गुण धरूनही वहिनी पुढे होती, आणि थोडीथोडकी नाही. ते म्हणाले, "यांच्या हाताखालून गाडी गेली तर पुढच्या फिटरला शिव्या द्याव्या लागणार नाहीत." त्या शेडमध्ये याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती. मग गलका झाला. पाईपदादाने स्वतःहून सगळ्यांना पुन्हा चहा सांगितला. पहिला चहा फुकट गेला होता, दुसरा तरी सत्कारणी लागू दे, म्हणाला.

सासूबाईंनी गल्लीतल्या एकाही घराला सोडलं नाही. भाजी घ्यायला म्हणून निघाल्या आणि भाजी न घेता परत आल्या. नवऱ्याने फिटरचा निळा डगला शिवला, माप न घेता, कारण ते त्याला तोंडपाठ होतं. तिने घालून पाहिला आणि ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. रडू आलं तेव्हा तिने ते येऊ दिलं.

पहिल्याच सकाळी एक ड्रायव्हर खडखडणारी बस घेऊन शेडमध्ये शिरला. बाहेरगावचा होता, इथं कुणाला ओळखत नव्हता. दार उघडून उतरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि समोर उभ्या असलेल्या बाईला म्हणाला, "बाई, जरा फिटरला बोलवता का?"

"आलीय," ती म्हणाली. "खडखड पुढून येतेय की मागून?"

ड्रायव्हरने तिच्या निळ्या डगल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मागून. डाव्या चाकाकडून."

"वळताना वाढते?"

"हो, वळताना."

"गाडी सरकू नये म्हणून चाकाखाली उटी लावा आणि इंजिन बंद करा," वहिनी म्हणाली, आणि गाडीखाली शिरली.